एक पौंड धान्य

सांप्रत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत पंक्तीस एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. त्याचें नांव उष्मांक; सर्वांच्या तोंडीं असलेला शब्द घ्यावयाचा तर कॅलरी. भाकरीचे किती, वरणावर सोडलेल्या तुपाच्या धारेचे किती, हें मोबाइलवर पाहून मगच घांस उचलणारी माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. वजन उतरविण्यास ही मोजदाद अवश्य आहे काय, असा प्रश्न आम्हांस वरचेवर विचारण्यांत येतो. आम्ही वैद्य नव्हे, इतिहासाचे अध्यापक आहों. तेव्हां उत्तरासाठीं वाचकांस दवाखान्यांत न नेतां आम्ही म्हसवडास नेतों.

म्हसवड हें सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील गांव. पाऊस सह्याद्रीवर पडून सरतो; माणदेशाच्या वांट्यास बहुधा ढगच तेवढे येतात. गांवाजवळ, सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या शिवेवर, माण नदी अडवून केलेला राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव आहे. जुन्या सरकारी कागदांतला म्हसवडचा तलाव तो हाच. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळांत पोटासाठीं आलेल्या लोकांस काम मिळावें म्हणून तो हातीं घेण्यांत आला. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसास मजुरी किती द्यावी, हा त्या वेळीं अशा सर्वच कामांवर जीवनमरणाचा प्रश्न होता.

सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७३-७४ सालीं बिहारच्या दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून लोक जगविले होते. त्याबद्दल शाबासकीऐवजीं उधळेपणाचा ठपका त्यांच्या पदरीं आला, आणि तो धडा ते विसरले नाहींत. १८७७ च्या जानेवारींत लॉर्ड लिटन यांनीं त्यांस दुष्काळाच्या पाहणीसाठीं दक्षिणेंत धाडिलें, तेव्हां काम करणाऱ्या पुरुषास दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे पुरे आहेत, असें त्यांनीं ठरविलें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं यास कसून विरोध केला. श्रम करणारा देह एवढ्यावर टिकणार नाहीं, तो झिजत जाईल, असें त्यांचें म्हणणें होतें; आणि कांहीं महिन्यांनीं मद्रास सरकारनें तें माप वाढविलें. मुंबई इलाख्यांतही मजुरी उतरविण्यांत आली, तेव्हां हजारों मजूर कामें सोडून निघून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. या वादांत दोन्ही पक्ष धान्यच तोलीत होते. परंतु एक पक्ष खजिन्याकडे पाहून तोलीत होता, दुसरा माणसाच्या अंगाकडे पाहून.

एक पौंड म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅम. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅमांत साधारणतः ३३० ते ३६० उष्मांक असतात. म्हणजे तें धान्य १,५०० ते १,६५० उष्मांकांचें झालें. पुढें १९४५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांवर त्यांच्या संमतीनें एक प्रयोग केला. २४ आठवडे त्यांस दिवसास सरासरी १,५७० च्या आसपास उष्मांक मिळत होते. त्यांचें वजन जवळजवळ चौथ्या हिश्शानें उतरलें. पण त्याबरोबर मन खिन्न झालें, अंगांत कायमची थंडी भरली, आणि रात्रंदिवस अन्नाचेंच ध्यान लागलें. प्रयोग संपल्यावर कित्येकांची भूक पोट भरूनही शमेना. टेंपलसाहेबांनीं जें पुरेसें मानिलें, त्याच सुमाराच्या अन्नास कीज यांनीं अर्धउपासमार म्हटलें!

उष्मांकाच्या मापाचा पुढील प्रवासही पाहण्यासारखा आहे. १८९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ॲटवॉटर यांनीं माणसास एका बंद खोलींत ठेवून त्याच्या देहांतून निघणारी उष्णता मोजली. थोड्या पैशांत गरिबांस अधिकांत अधिक पोषण कसें मिळेल, ही त्यांची एक मोठी चिंता होती. १९१८ सालीं लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनीं पुस्तक लिहून तेंच माप अंग बारीक करूं इच्छिणाऱ्या स्त्रियांच्या हातीं दिलें. भुकेल्यासाठीं उचललेला तराजू एका पिढींत धालेल्याच्या पुढें आला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. देहास लागतें त्याहून कमी अन्न पोटांत गेलें कीं वजन उतरतें. मग तें कोणी मोजो वा न मोजो. दुष्काळांत झिजलेल्या मजुरांनीं एकही उष्मांक मोजला नव्हता. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ६०९ माणसांवरील प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एका गटानें स्निग्ध पदार्थ कमी करावयाचे होते, दुसऱ्यानें पिष्टमय. उष्मांक मोजावयास कोणासही सांगितलें नव्हतें. भाज्या पुष्कळ खाव्या, साखर व मैदा टाळावा, एवढाच दोघांस समान उपदेश होता. वर्षाअखेर दोन्ही गटांचें वजन सरासरी ५ ते ६ किलोंनीं उतरलें. तेव्हां मोजदाद अवश्य नाहीं, हें उघड आहे.

ती निरुपयोगी आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आपण किती खातों याचा आपला अंदाज बहुधा कमीच असतो. तुपाच्या धारेस व चार वाजतांच्या फरसाणास आपली स्मरणशक्ति सोयीस्करपणें विसरते. अशा माणसानें चार दिवस हिशेब ठेवला तर त्याचे डोळे उघडतील. परंतु डोळे उघडल्यावर हिशेबाची वही मिटावी. ताटांतील अन्न, पोटांतील भूक व दिवसभराचे श्रम यांकडे पाहण्यास तिची गरज उरत नाहीं.

आणि वहींतील आंकडा दुसऱ्या कोणी ठरवून दिलेला असेल तर विशेष जपावें. वाढत्या वयाच्या मुलीस, बाळंतिणीस किंवा उन्हांत राबणाऱ्या माणसास खुर्चींत बसणाऱ्या प्रोफेसराचा आंकडा लागूं पडत नाहीं. एक पौंडाच्या हिशेबांत बेरजेची चूक नव्हती; चूक एवढीच होती कीं, तो ठरवितांना माती वाहणाऱ्या माणसाकडे पाहिलें नव्हतें. आपल्या घरांत कोणी आंकडा घेऊन आलें, तर तो कोणाकडे पाहून काढला आहे, एवढें वाचकांनीं आधीं विचारावें.