गूढकथेची दुर्मीळ प्रत : संग्रह आणि वाङ्मयेतिहास

मराठी गूढकथेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मूल्यमापनाचा नसून साधनांचा असतो. ज्या पुस्तकांच्या आणि अंकांच्या आधारे हा इतिहास सिद्ध व्हावयाचा, ती मुळात पाहावयास मिळणेच कठीण असते. दुर्मीळता हा कोणत्याही जुन्या ग्रंथाचा धर्म आहे, असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. दुर्मीळता कशी निर्माण झाली यावर त्या दुर्मीळ प्रतीचा अर्थ अवलंबून असतो.

पाश्चात्त्य गूढकथेच्या संदर्भात ही दुर्मीळता बऱ्याच अंशी हेतुपूर्वक घडविलेली आहे. १९२३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकाच्या स्वस्त, ठिसूळ कागदावर एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथा छापल्या गेल्या. १९३७ मध्ये त्याचे निधन झाल्यावर त्या कथांना ग्रंथरूप देण्यास प्रस्थापित प्रकाशक मिळेना. तेव्हा ऑगस्ट डर्लेथ आणि डॉनल्ड वॉन्ड्राय या दोन चाहत्यांनी १९३९ साली ‘अर्कहॅम हाउस’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढून ‘द आउटसायडर अँड अदर्स’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या १२६८ प्रती छापल्या होत्या आणि त्या संपावयास काही वर्षे लागली. पुढे क्रमांकित, स्वाक्षरीयुक्त, मर्यादित आवृत्तीची जी परंपरा छोट्या स्वतंत्र प्रकाशकांनी रुजविली, तिची प्रेरणा येथे आहे. अशी प्रत विकत घेणारा वाचक ती जपण्यासाठीच घेत असतो. प्रतीचे आयुष्य तिच्या जन्माबरोबरच सुरक्षित केलेले असते.

पुण्यात नेमके उलट घडले. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये ‘हंस’, १९५० मध्ये ‘मोहिनी’ आणि १९५७ मध्ये ‘नवल’ ही मासिके सुरू केली. पुण्यातून दीर्घकाळ निघत राहिलेल्या या मासिकांपैकी ‘नवल’ने अद्भुत, गूढ आणि भयप्रद कथेला हक्काचे व्यासपीठ दिले. नारायण धारप (१९२५-२००८) हे पुण्यातलेच. त्यांचे ‘समर्थ’ हे पात्र, ‘लुचाई’सारखी कादंबरी आणि ‘अनोळखी दिशा’मधील कथा यांनी दोन-तीन पिढ्यांच्या वाचकांना झपाटून टाकले. मराठी आवृत्ती एरवीही हजार-अकराशे प्रतींच्या आसपासच असते. परंतु गूढकथेच्या पुस्तकाचा खरा ग्राहक व्यक्ती नव्हता, तर वर्गणीवर पुस्तके देणारे वाचनालय होते. एकेका प्रतीमागे शेकडो वाचक उभे असत. अशा प्रतीचे मुखपृष्ठ प्रथम गळून पडे, मग ती जाड पुठ्ठ्यात बांधली जाई, बांधणीत समास कापले जात, अखेरीस शेवटची पाने सुटत आणि ‘बाद’ असा शिक्का घेऊन ती रद्दीत जाई. मराठी गूढकथा दुर्मीळ झाली ती मोजक्या वाचकांसाठी छापली म्हणून नव्हे, तर असंख्य वाचकांनी वाचून संपविली म्हणून.

या संदर्भात लघुअनियतकालिकांशी तुलना उद्बोधक ठरते. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी अनियतकालिकेही अल्प प्रतींत निघाली आणि दुर्मीळ झाली. परंतु त्यांचे वाङ्मयीन महत्त्व अभिजन वर्तुळात लवकर मान्य झाल्यामुळे त्यांचे अंक जपले गेले, त्यांवर प्रबंध लिहिले गेले. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ साली काढलेल्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या संग्रहाची पहिली आवृत्ती जपून ठेवणाऱ्यास कोणी हसत नाही. धारपांची पहिली आवृत्ती शोधणाऱ्यास मात्र आपल्या छंदाचे समर्थन करावे लागते. म्हणजे संग्रहाची प्रतिष्ठा प्रतीच्या दुर्मीळतेवरून ठरत नाही; आधीच ठरून गेलेल्या वाङ्मयीन उच्चनीचतेवरून ठरते. पुढे हाच अपुरा संग्रह त्या उच्चनीचतेचा पुरावा म्हणून वापरला जातो.

सूचीही येथे अपुरी पडते. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ दोन खंडांत १८०० ते १९५० हा काळ व्यापते. मासिकांतील गूढकथेचा बहर त्यानंतरचा. शिवाय ग्रंथसूची ग्रंथाची नोंद करते, अंकातल्या सुट्या कथेची नाही.

याने काय बिघडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा १९८४ मध्ये ‘वीअर्डबुक’ या छोट्या स्वतंत्र अमेरिकन नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९८५ मध्ये ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात आली. धारपांची ‘आजी’ ही कथा तिच्यावर बेतलेली आहे. राही अनिल बर्वे यांनी ‘आजी’ १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली. तिच्यापासून स्फुरलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. या साखळीच्या एका टोकाला जपून ठेवलेला अंक आहे, तर दुसऱ्या टोकाला केवळ कानावर पडलेली गोष्ट. मधला मराठी दुवा कोणत्या साली, कोणत्या अंकात, संपादकाच्या कोणत्या टिपणासह आणि मूळ कथेचा निर्देश करून की न करता छापला गेला, हे मूळ प्रतच सांगू शकते. पुनर्मुद्रणातून कथा परत मिळते. तिच्या प्रथम प्रसिद्धीची परिस्थिती मिळतेच असे नाही. रूपांतर, अनुकरण आणि स्वतंत्र निर्मिती यांच्या सीमारेषांविषयीचा निर्णय अशा वेळी पुराव्यावर न होता पूर्वग्रहावर होतो. धारपांना ‘उसनवारी करणारा लेखक’ म्हणणारे आणि त्यांचा बचाव करणारे, दोघेही मग सारखेच निराधार असतात.

म्हणून मराठी गूढकथेच्या संग्राहकाने पाश्चात्त्य संग्राहकाचा आदर्श जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. निष्कलंक प्रत हा त्याचा आदर्श असू शकत नाही. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा रद्दीच्या दुकानात हाती लागणारी प्रत बहुधा पुन्हा बांधलेली असते. तिच्यावर वाचनालयाचा शिक्का, दाखलअंक आणि परतीच्या तारखांची चिकटवलेली पट्टी असते; क्वचित समासात एखाद्या वाचकाने शेवट आधीच फोडलेला असतो. बाजारात या खुणांनी प्रतीची किंमत घटते. अभिग्रहणाच्या इतिहासाला मात्र याहून विश्वसनीय साधन नाही. पुस्तक किती वाचले गेले याची साक्ष त्या तारखा देतात, जी समीक्षेने कधी नोंदवलीच नाही.

पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) आणि पुणे मराठी ग्रंथालय (१९११) यांसारख्या संस्थांच्या या शहरात प्रश्न जागेचा असतो, हे मान्य केले पाहिजे. जीर्ण पुस्तक बाद करणे हा ग्रंथपालाचा नाइलाज असतो. परंतु बाद करण्यापूर्वी शीर्षकपान, प्रकाशनवर्षाचे पान आणि तारखांची पट्टी यांची नोंद ठेवणे अशक्य नाही. ज्या वाङ्मयप्रकाराला त्याच्या वाचकांनीच वाचून झिजविले, त्याच्या झिजेचीही नोंद उरली नाही, तर त्याचा इतिहास ‘तुंबाड’च्या कथेप्रमाणे ऐकीवच राहील.