निहालांची मोजणी



वेरूळ-अजिंठ्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपणांस वारसा म्हटला की कोरीव दगड आठवतो. दगडाला कायद्याचे संरक्षण आहे, पहारेकरी आहेत. परंतु जो वारसा केवळ जिभेवर आहे, त्याची राखण कोणी करावयाची?

आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात निहाल लोक राहतात. ते स्वतःस 'कालटो' म्हणवितात. त्यांची निहाली बोलणारी माणसे सुमारे दोन-अडीच हजार मानली जातात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात १९०६ साली स्टेन कोनो यांनी तिची नोंद केली. १९६२ मध्ये डच पंडित कुइपर यांनी तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात कोरकू शब्दांचा भरणा मोठा, द्राविडी थोडे, मराठी-हिंदी पुष्कळ. तरी सुमारे चौथाई शब्द कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळेनात. पाण्याला निहाली 'जोप्पो' म्हणते.

तिची मोजणीच पाहा. एक म्हणजे 'बिदुम'. पुढे 'इरार', 'मोथो', 'नालो' हे द्राविडी. तेलुगू जाणणाऱ्यास 'नालुगु' लगेच आठवेल. पाचापासून शेजारच्या आर्यभाषा कामास येतात. ज्यांचा लेखी इतिहास जवळजवळ नाही, त्यांच्या शेजाऱ्यांचा इतिहास असा बोटांवर मोजता येतो.

ही चोरांची सांकेतिक बोली असावी, अशीही शंका काहींनी घेतली. दुर्बळांना नाव आणि कलंक दोन्ही बाहेरच्यांनीच द्यावेत, हे जगभर घडले आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटातील लोकांना परके 'पापागो' म्हणत. त्यांच्यातीलच ओफेलिया झेपेडा यांनी १९८३ मध्ये आपल्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १९८६ मध्ये त्या लोकांनी 'तोहोनो ओओधम', म्हणजे वाळवंटाची माणसे, हे स्वतःचे नाव अधिकृत केले.

निहालीवर नागराज यांचा ग्रंथ २०१४ साली म्हैसूरहून निघाला, ही समाधानाची गोष्ट होय. पण ग्रंथाने भाषा जगत नाही. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांची भाषा जनगणनेत स्वतंत्र दाखविली जात नाही. म्हणजे सरकारी मोजणीत निहाली नाहीच. मराठी शाळेत आलेल्या निहाल मुलाची घरची बोली हसण्यावारी न नेता, 'तुमच्याकडे एकाला काय म्हणतात?' एवढे गुरुजींनी विचारले, तरी पुष्कळ होईल. 'बिदुम' हे उत्तर सर्व वर्गाने ऐकावे.