तीस हजारांची शांतता: नॉईज कॅन्सलिंग हेडफोनचा इतिहास

आजचा एपिसोड एका फोन कॉलमुळे झालाय, म्हणून आधी तो कॉल सांगतो.

सेल चालू होता. माझ्या कार्टमध्ये तीन आठवडे एक हेडफोन पडून होता. कान पूर्ण झाकणारा, वायरलेस, नॉईज कॅन्सलेशनवाला. बाबांशी बोलता बोलता सहज सांगून टाकलं.

"बाबा, हेडफोन घेतोय. तीस हजारांचा."

"वीस हजार? गाणी ऐकाय?"

"गाण्यांसाठी नाही हो. बाहेरचा आवाज बंद करायला."

बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "आमी कापूस घालत हुतो की कानात."

तीसचं वीस मी दुरुस्त केलं नाही. एक तर दहा हजारांची बोलणी वाचली. आणि दुसरं, आमच्या घरात ही सवयीची गोष्ट आहे. बाबांना साठ म्हटलं की आठ ऐकू येतं. एकतीस वर्षं इचलकरंजीत मागावर काम केलं त्यांनी. माग म्हणजे यंत्रमाग, पॉवरलूम. शटल इकडून तिकडे पळतं आणि दर फेरीला खाडकन आवाज होतो. एका शेडमध्ये असे वीस-पंचवीस माग.

तर मी शोधायला बसलो. आवाज बंद करणारं हे यंत्र कुणी बनवलं? कधी? आणि मुख्य म्हणजे, कुणासाठी? या प्रश्नांची उत्तरं मिळाली आणि कुठला हेडफोन घ्यायचा तेही निम्मं ठरून गेलं.

आधी हेडफोन आला

१९१० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाचा माणूस घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवत होता. त्याने ते अमेरिकन नौदलाला दाखवले. जहाजावर वायरलेसचे बारीक सिग्नल ऐकायचे तर असं काहीतरी हवंच होतं. नौदलाने ऑर्डर दिली. म्हणजे हेडफोन आला तो गाण्यांसाठी नाही, ड्युटीसाठी.

गाणी पुढे आली. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी मिलवॉकीत स्टिरिओ हेडफोन काढला. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि हेडफोन रस्त्यावर उतरला. गंमत बघा, त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय होती आणि एक नारंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माइकमधून समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं. माणूस कानात काहीतरी घालून एकटाच बसेल ही काळजी तेव्हाच होती. आज आपण ज्याला ट्रान्सपरन्सी मोड म्हणतो, त्याचं हे आजोबा म्हणा.

मग आवाज मारायची युक्ती आली

आता १९३३ मध्ये जाऊ. जर्मनीत पॉल लुएग यांनी एका पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत त्यांना ते १९३६ मध्ये मिळालं. कल्पना अशी: आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या बरोबर उलटी लाट सोडली तर दोन्ही मिळून शून्य.

झोपाळा डोळ्यांसमोर आणा. झोका तुमच्याकडे येतोय. नेमक्या त्या क्षणी, तेवढ्याच जोराने, उलट दिशेला ढकललं तर तो थांबतो. पण क्षण चुकला तर? झोका आणखी वाढतो. नॉईज कॅन्सलेशनचं सगळं यश आणि सगळं अपयश या क्षणात आहे. हेडफोनवरचा माइक बाहेरची लाट ऐकतो, आतली चिप उलटी लाट तयार करते, स्पीकर ती कानात सोडतो. आणि हे सगळं मूळ लाट कानात पोचायच्या आत.

लुएग यांची कल्पना बरोबर होती, पण तेवढं चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हतं. १९५३ मध्ये आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी माइक आणि स्पीकर वापरून एका ठरावीक जागेपुरता आवाज कमी करून दाखवला. त्याच दशकात कानावरच्या कपात हेच करायचे प्रयोग झाले. हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमधल्या आवाजावर पेटंटं निघाली. बघा, गाडी कुठे वळली ते. कॉकपिटकडे.

अमर बोस यांचा विमानप्रवास

अमर बोस हे नाव हेडफोन बघणाऱ्या प्रत्येकाने वाचलेलं असतं, ब्रँड म्हणून. माणूस मात्र कमी जणांना माहीत असतो. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक. इंग्रजांनी तुरुंगात टाकलं होतं. तिथून सुटून १९२० मध्ये ते अमेरिकेला निघून गेले. अमर यांचा जन्म १९२९ चा, फिलाडेल्फियाचा. पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी कंपनी काढली.

१९७८ मध्ये ते झुरिकहून बॉस्टनला विमानाने चालले होते. विमानात मिळालेला हेडफोन लावला, तर इंजिनच्या घरघरीत संगीत काही ऐकूच येईना. बोस यांनी विमानातच कागद काढून गणितं मांडायला सुरुवात केली. पण कागदावरचं गणित दुकानात यायला अकरा वर्षं लागली. मधे १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर हे दोन वैमानिक व्हॉयेजर नावाच्या विमानातून कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारून आले. नऊ दिवस इंजिनाशेजारी. त्यांच्या कानावर बोस यांच्या हेडसेटचे नमुने होते. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला आला. तिकडे जर्मनीत झेनहायझर कंपनीही १९८० च्या दशकात लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी याच कामाला लागली होती.

तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी बोसचा क्वाएटकम्फर्ट आला तो २००० मध्ये, आणि तोही विमानाने फिरणाऱ्यांच्या कानावर आधी गेला. २०१६ मध्ये सोनीचा एमडीआर-१०००एक्स आणि बोसचा क्यूसी ३५ आले. तेव्हा वायर गेली आणि आजचा बाजार सुरू झाला. २०२० च्या डिसेंबरात ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स आला.

कापूसवाल्यांचं काय?

इथे मला बाबांचं वाक्य परत आठवलं. आवाजाने कान जातात हे वैमानिकांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. १७०० मध्ये इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरांचा कामगारांच्या आजारांवरचा ग्रंथ आला. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या बहिरेपणाबद्दल रामाझिनी यांनी लिहून ठेवलंय. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले आणि पोस्टमनांशी तुलना केली. बॉयलरवाल्यांचे कान फार वाईट निघाले. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या कापड गिरण्यांत बायका ओठांवरून बोलणं ओळखायच्या. त्या बोलण्याला नावसुद्धा होतं, मी-मॉ. आमच्या इचलकरंजीच्या शेडमध्येही खुणांनीच बोलतात. दोन बोटं ओठांशी नेली की चहा.

भारतात कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. शटलच्या मागांची शेड ती सहज ओलांडते. पण हे तंत्र तिथे आलं नाही. एक कारण पैशाचं, ते उघडच आहे. दुसरं कारण मला परवा कळलं.

मित्राचा हेडफोन दोन दिवसांसाठी मागून घेतला आणि स्वारगेटहून इचलकरंजीची एसटी पकडली. कात्रजचा बोगदा यायच्या आत मी थक्क! इंजिनची घरघर गायब. एरवी एसटीत माझा व्हॉल्यूम ऐंशी टक्क्यांवर असतो, तो पंचेचाळीसवर आला. पण मागच्या सीटवरच्या काकू भाचीच्या लग्नाबद्दल फोनवर बोलत होत्या, त्या उलट जास्त स्पष्ट ऐकू यायला लागल्या. हॉलचं भाडं मला आता पाठ आहे.

असं का? पुन्हा झोपाळा. इंजिनची घरघर १०० हर्ट्झच्या आसपास धरा. ती लाट सव्वातीन-साडेतीन मीटर लांब असते, संथ असते, एकसारखी येत राहते. तिला उलटं ढकलायला चिपला वेळ मिळतो. पण 'स', 'श' असले आवाज ५००० हर्ट्झच्या घरातले. तिथे लाट जेमतेम सात सेंटीमीटरची. क्षण गाठणं अवघड. तिथे काम करते ती कपाची गादी, इलेक्ट्रॉनिक्स नाही.

संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या चालू शेडच्या दारात उभा राहिलो. खालची घरघर गेली. खडाखड तशीच, उलट सुटी सुटी ऐकू येत होती. अचानक येणाऱ्या दणक्याला हा हेडफोन पुरा पडत नाही. त्यामुळे तुमच्यापैकी कुणी वर्कशॉपमध्ये असाल तर लक्षात ठेवा, हा सेफ्टीचा इयरमफ नव्हे. ते वेगळं मिळतं आणि याच्यापेक्षा खूप स्वस्त मिळतं.

मग निवडायचा कसा?

आता कामाचं. हा इतिहास हातात धरून मी पाच गोष्टी बघितल्या.

एक. तुमचा आवाज कुठला? बस, ट्रेन, विमान, एसी, पंखा असेल तर पैसे वसूल. हॉस्टेलमधल्या रूममेटचं बोलणं बंद करायचं असेल तर अपेक्षा कमी ठेवा.

दोन. गादी. उरलेला आवाज तीच अडवते. चष्मा असेल तर चष्मा घालूनच ट्राय करा, काडीपाशी फट राहते. आणि दुकानात विचारा, गाद्या बदलून मिळतात का? दोन-तीन वर्षांत त्या सोलतात.

तीन. वजन. सोनीचा एक्सएम ४ साधारण २५४ ग्रॅम, एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास. तीन मिनिटांच्या डेमोत फरक कळत नाही, तीन तासांत मान सांगते.

चार. फोन. एलडीएसी नावाच्या कोडेकसाठी जास्त पैसे देणार असाल आणि फोन आयफोन असेल, तर थांबा. आयफोन ते चालवतच नाही.

पाच. मागच्या वर्षीचं मॉडेल. नवीन आलं की जुनं स्वस्त होतं, पण एसटीच्या इंजिनची लाट काही बदललेली नसते.

आणि सगळ्यांत मोठा फायदा शांतता नाहीच. फायदा आहे तो व्हॉल्यूम कमी ठेवता येण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबल तीनने वाढला की ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०. एसटीतला माझा ऐंशी टक्के व्हॉल्यूम म्हणजे मी माझा माग स्वतःच खिशात घेऊन फिरत होतो. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र हेडफोन काढाच.

बाबांनी लावला तेव्हा

रात्री जेवणानंतर बाबांच्या कानावर हेडफोन चढवला. गाणं नाही, नुसतं नॉईज कॅन्सलेशन. बाबांनी वर बघितलं.

"पंखा बंद झाला काय?"

पंखा फिरत होता. आई हसली. मीही हसलो. बाबा मात्र हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "शिट्टी वाजतीया."

"कुठं?"

"कानात. कायम असती की. पंख्यात दबून जाती."

बाबा थंडीतसुद्धा पंखा लावून झोपतात. आई त्यावरून आजवर किती भांडली असेल! आम्हाला वाटायचं सवय आहे. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि पंख्याचा वेग एकने वाढवला.

कानातल्या त्या शिट्टीला टिनिटस म्हणतात. ती हवेतली लाट नाही, त्यामुळे तिला उलटी लाट नाही. अमर बोस यांचं गणित तिथे चालत नाही.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओमेट्री झाली. कागदावरची रेघ बरी चालली होती, ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडली. आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. 'स' आणि 'त' तिकडेच राहतात. म्हणून साठचं आठ, म्हणून तीसचं वीस. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, पण मशीन लावलं तर बोलणं कळेल, शिट्टीही कदाचित कमी जाणवेल. ते मशीन म्हणजे काय? माइक, चिप, स्पीकर. हेडफोनमधलेच तिघं. फक्त काम उलटं, आवाज घालवायचं नाही, परत आणायचं.

मी कार्टमधला हेडफोन काढला. मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं, वीस हजारांच्या आत बसलं. म्हणजे बाबांनी ऐकलं तेच खरं झालं. उरलेले दहा मशीनच्या डिपॉझिटला गेले. बाकीचे हप्ते माझे.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. हा एपिसोड हेडफोन लावून ऐकत असाल, तर व्हॉल्यूम आत्ताच दोन पायऱ्या खाली आणा. आणि घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, एकच गोष्ट दोनदा विचारत असेल, तर त्यांना चिडवायच्या आधी एकदा कान तपासून आणा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.