ड्युपुट्रेन आकुंचन : एका व्याधीच्या नामकरणाचा इतिहास

प्रास्ताविक :
तळहाताच्या त्वचेखाली तंतुमय ऊतींचे एक पातळ पटल असते. ते हळूहळू जाड होऊन आखडू लागले की बोटे, विशेषतः अनामिका व करंगळी, तळव्याकडे वाकतात आणि पूर्ववत सरळ होत नाहीत. बहुधा आनुवंशिक असलेल्या या विकारास वैद्यकात ‘ड्युपुट्रेन आकुंचन’ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत त्यास ‘व्हायकिंगांचा रोग’ असेही नाव पडले आहे. या दोन नावांना इतिहासाचा कितपत आधार आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

शोध आणि श्रेय :
बाझल येथील वैद्य फेलिक्स प्लाटर यांनी १६१४ मध्ये एका पाथरवटाच्या वाकलेल्या बोटांची नोंद केली. मात्र दोष स्नायूंच्या कंडरांत आहे, असे त्यांनी मानले. १७७७ मध्ये लंडनचे शल्यविशारद हेन्री क्लाइन यांनी विच्छेदनाद्वारे विकाराचे मूळ पटलात असल्याचे ओळखले. त्यांचे शिष्य ॲस्टली कूपर यांच्या १८२२ च्या ग्रंथातही याचा निर्देश आढळतो. ज्यांचे नाव रूढ झाले, ते गियोम ड्युपुट्रेन १७७७ मध्येच जन्मले. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात १८३१ साली त्यांनी एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली व त्या विषयावर व्याख्यान दिले. हे व्याख्यान प्रसिद्ध झाल्याने श्रेय त्यांच्याकडे गेले. त्यांचे कार्य मोठेच होते. परंतु प्रथम शोधाचा मान त्यांना देता येत नाही.

कारणमीमांसा :
तळव्यावर सतत पडणारा व्यवसायजन्य दाब हे या विकाराचे कारण असावे, असे ड्युपुट्रेन यांचे मत होते. पुढे एकाच कुटुंबातील अनेक रुग्ण आढळू लागल्यावर आनुवंशिकतेचा विचार पुढे आला. उत्तर यूरोपातील त्याच्या अधिक प्रमाणामुळे व्हायकिंगांनी तो सर्वत्र नेला, अशी कल्पनाही रुजली. तथापि २०२३ मध्ये ह्यूगो झेबर्ग व सहकाऱ्यांनी सात हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय माहितीच्या आधारे या विकाराशी निगडित ६१ जनुकीय भेद नोंदविले. त्यांपैकी तीन निअँडरथल मानवाकडून आलेले असून त्यांतील दोन अत्यंत प्रभावी आहेत. निअँडरथल सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाले, तर व्हायकिंगांचा काळ इसवी सनाच्या आठव्या ते अकराव्या शतकातील. अर्थात, हा वारसा व्हायकिंगांहून कितीतरी प्राचीन आहे.

समारोप :
म्हणून आता ‘निअँडरथलांचा रोग’ असे नवे नाव देणेही योग्य ठरणार नाही. कारण उरलेल्या ५८ भेदांचा उलगडा त्यातून होत नाही. पहिले नाव क्लाइन यांचे कार्य झाकते, तर दुसरे एका जनसमूहावर व्याधीचा शिक्का मारते. रूढ संज्ञा वर्गात शिकविताना तिच्यामागील पुरावाही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे, ही इतिहासाच्या अध्यापकाची जबाबदारी आहे.