अजबबंगला आणि आपले घर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. परंतु ज्या समईच्या उजेडात त्या सनदा लिहिल्या गेल्या, ज्या दौतीत लेखणी बुडाली आणि ज्या तिफणीने पेरलेल्या धान्यावर सैन्यांची पोटे भरली, त्या वस्तूंचाही काही इतिहास असतो, ही जाणीव आपणांस फार उशिरा झाली. वस्तुसंग्रहालये ही त्या जाणिवेची फळे होत. मात्र ती सर्व एकाच बीजापासून निघालेली नाहीत. आणि हा भेद ध्यानात घेतल्यावाचून त्यांचे खरे मोल कळावयाचे नाही.

विदर्भात या प्रकारची जुनी संस्था म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. तेव्हा सर रिचर्ड टेंपल हे मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त होते. याच टेंपलसाहेबांनी १८६५ साली नागपुरास कला, कारागिरी व पिके यांचे मोठे प्रदर्शन भरविले, आणि नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आदिवासी जमातींविषयी केलेली टिपणे १८६६ साली छापून काढली. नव्याने हाती आलेला मुलूख, त्यातील माणसे आणि त्यातील माल यांची नोंद करावी, हा त्या काळच्या अशा उद्योगांमागील हेतू होता. लोकांनी मात्र त्या संग्रहालयास ‘अजबबंगला’ हे नाव दिले, आणि ते अगदी समर्पक होय. तेथे जावयाचे ते अजब पाहावयास; आपल्या घरची किसणी पाहावयास कोणी जात नसे.

पुण्यातील राजा केळकर संग्रहालयाचे बीज निराळे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. त्यांस ना राजाश्रय होता, ना सरकारी हुकूम. जुने वाडे मोडत होते, पितळ मोडीत जात होते. त्यातून जे वाचविता येईल ते त्यांनी पत्नी कमलाबाई यांच्या साहाय्याने वाचविले. लहानपणीच निवर्तलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहास दिले आणि पुढे सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. समया, लामणदिवे, अडकित्ते, दौती, पाय घासावयाच्या वज्री, वाड्यांचे कोरीव दरवाजे, वाद्ये, चित्रकथीची चित्रे अशा सुमारे वीस हजार वस्तू तेथे जमल्या. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालाकडे प्रेक्षकांची पावले साहजिकच आधी वळतात. पण संग्रहाचा आत्मा वज्रीत आणि अडकित्त्यात आहे. सुपारी कातरणे एवढेच ज्याचे काम, त्या अडकित्त्यास मोराचा आकार देणाऱ्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेविले नाही. त्याची एवढीच सही मागे उरली आहे.

युरोपातही असेच घडले. आर्तुर हाझेलियुस या गृहस्थाने १८७३ साली स्टॉकहोम येथे लोकजीवनाचे संग्रहालय सुरू केले आणि १८९१ साली स्कान्सेन येथे जुनी शेतघरेच उचलून आणून मांडली. यंत्रयुगाने खेड्यातील हातकाम बुडू लागले, तेव्हा त्यास ही निकड भासली. वस्तू वापरातून जाऊ लागली म्हणजेच तिचे मोल कळते, असा हा सार्वत्रिक नियम दिसतो.

आता वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावचा एखादा शेतकरी हे संग्रह पाहावयास गेला, तर त्यास काय दिसेल? पितळ व शिसवी लाकूड टिकते म्हणून वाड्यांच्या वस्तू राहिल्या. शेतीचे बाभळीचे अवजार मोडले की चुलीत जाते. तिफणीचेच पाहा. वर लाकडी चाडे, त्यास छिद्रे. त्यांतून निघालेल्या तीन पोकळ नळ्या खाली फणांपर्यंत पोहोचलेल्या. बैल चालत असता चाड्यावर मूठ धरून बी सोडावयाचे. मूठ सैल पडली तर बी दाट, घट्ट झाली तर विरळ. वर्षाच्या पिकाचे भवितव्य त्या बोटांवर असे, आणि हे काम बहुधा बायकांकडे असे.

‘चाडे’ हा शब्द मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१) राखून ठेविला. सुतार-लोहारांचा बलुत्याशी असलेला संबंध त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात सापडतो. वस्तू एखाद्या संग्रहालयात मिळेल. परंतु मूठ किती सैल सोडावी, हे कोशात नाही, ग्रंथात नाही आणि काचेच्या कपाटातही नाही. ते ज्ञान हातात असते आणि हाताबरोबर जाते. आज ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राने ते काम आपल्याकडे घेतले आहे. त्यात शेतकऱ्याचे कष्ट वाचले, याबद्दल खेद मानण्याचे कारण नाही. खेद एवढाच की, जिने चाड्यावर मूठ धरली ती आजी अजून ओसरीवर बसली आहे, आणि तिला विचारावयास कोणी जात नाही.

यास्तव गावोगावी मोठ्या इमारती हव्यात, असे आमचे म्हणणे नाही. शाळेची एक खोली पुरे. तीत एक तिफण, एक डवरा, एक जाते ठेवावे. आणि प्रत्येक वस्तूशेजारी ती कोणी घडविली, कोणी वापरली आणि कशी वापरली, हे त्या माणसाच्याच वऱ्हाडी बोलीत लिहून ठेवावे. केळकरांस कारागिरांची नावे मिळाली नाहीत, कारण ते पोहोचण्यापूर्वीच ती माणसे गेली होती. आपल्यापाशी ती सबब नाही.