करकंड राजाचा झरा

आमच्या माकणीच्या धरणात अडतं ते तेरणेचं पाणी; ती वरच्या अंगाला तेरवरून येते. त्याच तेरजवळची एक झऱ्याची कथा आठवून परवा आम्ही धाराशिवची लेणी पाहायला गेलो.

कनकामर मुनींचा अपभ्रंश ग्रंथ ‘करकंडचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली संपादित करून प्रसिद्ध केला. त्यातलं तेरापूरचं लेणं म्हणजे हेच, असं त्यांचं मत. करकंड राजाला तिथे पार्श्वनाथांच्या मूर्तीच्या सिंहासनावर एक गाठ दिसते. म्हातारा शिल्पी सांगतो, आत झरा आहे, तो थोपवायला ही गाठ ठेवली. पण राजाला झरा पाहायची हौस. गाठ फुटते, लेणं पाण्यानं भरून जातं. राजा पस्तावतो आणि नवं लेणं कोरवतो.

माझ्या सासूबाई आडाचं पाणी गाळलं की गाळणं उलटं करून जिवाणी त्याच आडात सोडत. जीव जिथले, तिथेच जायला हवेत. आता घरी बोअर आहे. पाणी मी आजही गाळते. पण शेकडो फूट खालच्या पाण्यात जिवाणी परत सोडू कशी? लेण्यात उभी असताना वाटलं, राजानं एकच गाठ फोडली. आपण तर दारोदारी फोडल्या.