फीत, तबकडी आणि इतिहास

संगीताचा इतिहास लिहावयाचा तर कोणत्या साधनांवरून, हा प्रश्न 'गोवा ट्रान्स' ह्या नृत्यसंगीताच्या बाबतींत आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. पुढें सायकेडेलिक ट्रान्स ह्या नांवानें जगभर गेलेलें हें संगीत गोव्यांतील हणजूण ऊर्फ अंजुना येथील किनाऱ्यावर, परदेशी प्रवाशांच्या रात्रभर चालणाऱ्या मेळाव्यांतून आकारास आलें. तेथील उन्हांत तबकड्या वाकत; म्हणून वाजविणारे प्रथम कॅसेट व नंतर १९८७ सालीं निघालेली डॅट फीत वापरीत. नव्या रचनांच्या प्रती हातोहात फिरत. तबकड्या निघाल्या त्या १९९० नंतर, मुख्यतः लंडनसारख्या दूरच्या शहरांत. हॅलुसिनोजेनचा 'ट्विस्टेड' हा प्रसिद्ध संग्रह १९९५ चा.

परंतु चुंबकीय फीत कालांतरानें जीर्ण होते, आणि सोनीनें २००५ सालीं डॅट यंत्रें काढणेंहि थांबविलें. अशा स्थितींत जुन्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकास केवळ छांदिष्ट म्हणणें अन्यायाचें होय. तो नकळत दप्तर राखीत असतो. मात्र किनाऱ्यावर वाजलेलें सारेंच तबकडीवर आलें नाहीं. यास्तव त्याचें कपाट हा इतिहासाचा पुरावा खरा. संपूर्ण इतिहास नव्हे.